सहावा रकाना

ज्या दिवशी मी सासूबाईंना खोटं पाडलं, त्या दिवशी मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं. छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यावर माणसाला एक खोड जडते. समोर चूक दिसली, की ती दुरुस्त केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मग ती वहीत असो, नाहीतर जेवणाच्या टेबलावर.

ही टेबलावर होती. जेवणं आटोपली होती आणि ताटांच्या जागी कागदांचा ढीग आला होता. आमच्या घराण्याचं पुस्तक निघायचं होतं. कोण कुठे जन्मलं, कुणाचं लग्न कुणाशी झालं, कोण कुठल्या देशाला गेलं, हे सगळं एकदा छापून ठेवावं असं ठरलं होतं. आम्ही ज्यू. आमच्यातल्या बऱ्याच घरांची गत अशी आहे, की दोन पिढ्या मागे गेलं की कागद संपतात. म्हणून जे हाताशी आहे ते तरी हरवू नये. हे काम मामांच्या नातीने अंगावर घेतलं होतं, आणि ते इतकं मनावर घेतलं होतं की घरात सगळे तिला संपादकीणबाई म्हणत.

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे मावसभाऊ. वय त्र्याण्णव. सासूबाई एकोणनव्वद. दोघं एकाच बोटीने या देशात आली, तेव्हा मामा नऊ वर्षांचे आणि सासूबाई पाच. मामांच्या आईकडे कुटुंबाचा प्रवासाचा पास होता आणि त्यावर आणखी एका मुलाला जागा होती. बहिणीची सगळ्यात धाकटी म्हणून सासूबाईंना ती मिळाली. जे मागे राहिले, त्यांच्यापैकी कुणीही पुन्हा भेटलं नाही. फोटो नाही, पत्र नाही.

होती ती फक्त एक गोष्ट. ती सासूबाईंनी माझ्या बायकोला सांगितली, आमच्या मुलांना सांगितली, आणि आता नातवंडांनाही सांगत. त्यांचं घर पाण्याच्या काठावर होतं. घराला लागून एक भलंमोठं लाकडी चाक. संध्याकाळी बाबा एक फळी खाली सोडायचे, पाणी अडायचं आणि चाक थांबायचं. मग ते या पोरीला उचलायचे, तिचा हात त्या ओल्या चाकावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बघ, कसं धापा टाकतंय."

"जन्मस्थान काय लिहू?" संपादकीणबाईने विचारलं.

"पाणचक्की," सासूबाई म्हणाल्या.

"झालं!" मामांनी टेबलावर थाप मारली. "आल्या पाणचक्कीच्या राजकन्या! अगं, आपल्या गावात पाणी कुठे होतं चाक फिरायला? दोन विहिरी आणि बाजारात एक हातपंप. त्या पंपापुढे रांगेत उभं राहून माझे पाय दुखायचे."

"तू शहरवाला. तुझं गाव वेगळं, आमचं वेगळं."

"वेगळं कसं? तू आमच्याच घरात राहायचीस. माझ्याच गादीवर झोपायचीस आणि माझंच पांघरूण ओढायचीस!"

"ते शेवटचे चार महिने."

"आणि हा कागद? हा काय मी छापला?"

कागद खरा होता. दोघांच्याही जन्माचे दाखले समोर होते, आणि दोन्हींवर एकाच गावाचं नाव होतं. संपादकीणबाईने माझ्याकडे पाहिलं. "मास्तर आजोबा, तुम्हीच सांगा ना."

मला तेवढंच हवं होतं. माझ्या कपाटात एक जुना स्थलकोश आहे. स्थलकोश, म्हणजेच गॅझेटियर, हा गावांचा शब्दकोश. शब्दाऐवजी गाव शोधायचं आणि अर्थाऐवजी माहिती वाचायची: लोकसंख्या किती, उंची किती, नदी कोणती, स्टेशन कुठे. मी पान काढलं आणि वर्गात वाचतात तसं मोठ्याने वाचलं. जिल्ह्याचं ठिकाण. वस्ती अकरा हजार. पठारावर. सर्वांत जवळची नदी चौदा किलोमीटरवर.

"नदी नाही," मी म्हणालो आणि पुस्तक मिटलं.

मामा हसले. सासूबाईंनी कप खाली ठेवला. "असेल," त्या म्हणाल्या. "पाच वर्षांच्या पोरीचं काय खरं." आणि त्या उठून आपल्या खोलीत गेल्या.

रात्री बायको म्हणाली, "आज नातवंडांनी गोष्ट मागितली, तर आई म्हणाली, मला आठवत नाही."

मी चष्मा पुसायला घेतला.

"अहो, एवढी वर्षं तिची गोष्ट कुणाला नडली होती? पण नाही. मास्तरांना पुस्तक उघडायचं होतं. हात दाखवून अवलक्षण!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेलो. त्या खिडकीशी बसल्या होत्या. माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही बरोबरच असाल. पण मला एक सांगा. बाबांचा चेहरा मला आठवत नाही. आवाज आठवत नाही. माझ्या हातावर त्यांचा हात होता, एवढंच आठवतं. आता तिथे चाकच नव्हतं म्हणता, तर मग तो हात कुणाचा होता?"

शाळेत असताना एखाद्या मुलाचं बरोबर उत्तर मी चुकीचं ठरवलं असं नंतर कळलं, तर मी दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर ते कबूल करत असे. पण इथे उत्तर बरोबर होतं हेच मला ठाऊक नव्हतं. पुस्तक छापायला जायला सात आठवडे होते. मी मोठ्या ग्रंथालयात गेलो.

तिथे दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला, नकाशांचं दालन आहे. लांब टेबलं, उतरती लाकडी बैठक असलेले पुस्तकांचे स्टँड, पानं दाबून ठेवायला वाळू भरलेल्या कापडी पट्ट्या. पेन आत न्यायला बंदी, फक्त पेन्सिल. या दालनाच्या प्रमुख बाईंना तिथले शिपाईसुद्धा नकाशाबाई म्हणतात, आणि त्यांना ते ठाऊक आहे. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्म्याची दोरी गळ्यात. मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाल्या, "तुम्ही गावाच्या नावाखाली पाहिलंत."

"हो. मग कुठे पाहायचं?"

"तुम्ही शिक्षक ना? मग नीट ऐका." मला हे वाक्य फार आवडलं, मी स्वतः ते हजार वेळा म्हटलं आहे. "सामुदायिक प्रार्थनेला तुम्हाला निदान दहा पुरुष लागतात. बरोबर?"

"बरोबर."

"एका रानातल्या घरात दोन पुरुष आहेत. त्यांनी काय करायचं?"

"जवळच्या गावच्या प्रार्थनाघराला जायचं."

"आणि पोर झालं की नोंद कुठे?"

"त्याच प्रार्थनाघराच्या वहीत."

"आणि दाखल्यावर नाव कुणाचं?"

दाखल्यावर वहीच्या गावाचं नाव येणार. घर भले तिथून वीस किलोमीटरवर असेना का!

"रोज कुणीतरी येतं," नकाशाबाई म्हणाल्या, "आणि दाखला दाखवून सांगतं, आम्ही अमुक शहराचे. तिथल्या शंभर नोंदींतले चाळीस लोक त्या शहरात कधी राहिलेलेच नसतात. त्यात तुमच्याकडचा तो स्थलकोश छोटा. त्यात पाचशेच्या वरची गावंच आहेत. थांबा."

त्या आत गेल्या आणि ढकलगाडीवरून दोन जाडजूड खंड घेऊन आल्या. त्या प्रांताचा मोठा स्थलकोश, सासूबाईंच्या जन्माच्या दोन वर्षं आधीच्या मोजणीवरून केलेला. त्यात शहरं होतीच, पण वाड्या होत्या, एकेकटी घरं होती, वनरक्षकाची झोपडीसुद्धा होती. एका पानावर साठ ओळी, अकराशे चाळीस पानं. प्रत्येक ओळीत रकाने. पहिल्यात नाव. दुसऱ्यात ते ठिकाण कसलं: शहर, खेडं, वाडी, पाणचक्की. तिसऱ्यात घरं. चौथ्यात माणसं. पाचव्यात त्या माणसांची धर्मवार विभागणी. आणि सहाव्यात, तिथल्या ज्यूंचं प्रार्थनाघर कोणत्या गावात.

"मला ही भाषा येत नाही," मी म्हणालो.

"भाषा कशाला? दहा खुणा शिका. लहान मुलं अक्षरं शिकतात तशी." त्यांनी एका चिठ्ठीवर दहा खुणा काढून दिल्या आणि समोर बसून माझ्याकडून पाठ करून घेतल्या. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "शाबास." सदुसष्टाव्या वर्षी शाबास ऐकून माझे कान गरम झाले.

"आता हे पुस्तक उलटं वाचायचं," त्या म्हणाल्या. "ज्याला गावाचं नाव माहीत आहे, तो पहिल्या रकान्यापासून सुरू करतो. तुम्हाला नावच माहीत नाही. तुम्ही सहाव्यापासून सुरू करा. सहाव्या रकान्यात जिथे जिथे तुमच्या दाखल्यावरचं शहर दिसेल, ती ओळ उतरवून घ्या."

"अकराशे चाळीस पानं?"

"का? दुसरीकडे जायचंय कुठे?"

त्यांनी मला जाड पुठ्ठ्याची एक पट्टी दिली. तिला मधोमध उभी खाच होती. पट्टी पानावर ठेवली की फक्त सहावा रकाना दिसे, बाकी सगळं झाकलं जाई. "डोळ्यांना मोह नको," त्या म्हणाल्या. "डोळे फार चौकस असतात. एकेका ओळीत गुंतले, तर तुम्ही पुढच्या वर्षीही इथेच असाल." ही पट्टी त्यांनी स्वतः कापली होती. दर रकान्यासाठी एक, अशा सहा पट्ट्या त्यांच्या खणात होत्या, कडा हाताळून हाताळून मऊ झालेल्या.

मग मंगळवार आणि गुरुवार माझे तिथले झाले. बायको डबा भरताना विचारायची, "आज कोणतं पान?" पहिल्या आठवड्यात दीडशे झाली, दुसऱ्यात तीनशे. सासूबाईंना मी काहीच सांगितलं नव्हतं. खोटी आशा देणं हे खोटं पाडण्याहून वाईट. त्या टेबलावर बसत, जेवत, प्रश्नाला उत्तर देत. पण गोष्ट सांगत नसत.

खरं सांगायचं तर मी पट्टी अधूनमधून सरकवत असे. मोह होता. पट्टी सरकवली की दिसे: एक झोपडी, माणसं एक. कुठल्याशा नदीच्या उतारावर कुणी एकटा राहत होता, आणि कुणीतरी तिथवर चालत जाऊन त्याला विचारून आलं होतं. कारकुनाने त्याच्यासाठी अख्खी ओळ खर्च केली होती, मोठ्या शहराला जेवढी मिळते तेवढीच. मी भूगोल शिकवला तो राजधान्यांचा. एक माणूस म्हणजेसुद्धा एक ठिकाण असतं, हे मला कधी कुणी शिकवलं नव्हतं.

नकाशाबाईंना मी हे बोलून दाखवलं.

त्या म्हणाल्या, "कुठे कोण ज्यू राहतो, ही मोजणी पुढे कुणाच्या हाती लागली आणि त्यांनी तिचं काय केलं, तेही मला माहीत आहे. मी या पुस्तकांना देव मानत नाही. पण ज्याने मोजलं, त्याने कुणाला गाळलं नाही. आता आमचं काम एवढंच, की शोधायला आलेल्या माणसाला त्याची ओळ सापडावी."

त्यांच्या टेबलाशी आणखीही लोक येत. एकदा एक दांडगा माणूस एका ओळीवर बोट ठेवून रडायला लागला. नकाशाबाईंनी अलगद त्याच्यासमोरचं पुस्तक मागे ओढलं. "बाहेर बाक आहे," त्या म्हणाल्या. "तिथे हवं तेवढं रडा. पानावर पाणी पडलेलं चालत नाही." मग स्वतःच्या डब्यातली फळाची फोड घेऊन त्याच्यामागे बाहेर गेल्या आणि दहा मिनिटं आल्या नाहीत.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी अकराशे चाळीस पानं संपली. माझ्याकडे त्रेचाळीस ओळी जमल्या. त्रेचाळीस वाड्या आणि घरं, सगळ्यांचं प्रार्थनाघर एकाच शहरात. नकाशाबाईंनी माझी यादी त्यांच्या लाल पेन्सिलीने तपासली. सात ठिकाणी माझे आकडे चुकले होते. त्यांनी सातही ओळी मला पुन्हा पाहायला लावल्या.

"आता दुसरा रकाना," त्या म्हणाल्या. "पाणचक्कीची खूण कोणती?"

मी खूण सांगितली. त्रेचाळीसांत अशा तीन निघाल्या.

पहिलीत घरं दोन, माणसं अकरा, त्यांत ज्यू एक. दुसरीत घर एक, माणसं सहा, ज्यू दोन. तिसरी ओळ अशी होती: पाणचक्की. घर एक. माणसं आठ. ज्यू आठ.

नकाशाबाईंनी नकाशाचा ताव आणला. भिंगाखाली, शहरापासून सोळा किलोमीटरवर, निळ्या रेषेच्या काठाला दातेरी चाकाची एक बारीक खूण होती. तिच्या आसपास दुसरं काहीही नव्हतं.

"हेच," मी म्हणालो. "हेच ते."

"कशावरून?"

"आठच्या आठ ज्यू. पाण्याच्या काठावर एकटं घर..."

"पुस्तक म्हणतं, तिथे आठ माणसं होती. ती तुमची होती असं पुस्तक म्हणत नाही." त्यांनी चष्मा काढला. "घरी जा. सासूबाईंना आकडा सांगू नका. घरात कोण कोण होतं ते मोजायला सांगा, आणि त्यांच्या जन्माआधीचा हिशोब लावा. आठ आले, तर माझ्याकडे पेढे घेऊन या. नाही आले, तर नुसतेच या. आपण पुन्हा शोधू."

घरी आलो तेव्हा सासूबाई मोजे दुमडत होत्या.

"आई, तुमच्या लहानपणी घरात कोण कोण होतं?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "परीक्षा घेताय, मास्तर?"

"हो."

"का? आधीची झाली ना. नापास केलंत की मला."

"फेरपरीक्षा आहे. पेपर मीच चुकीचा तपासला असेल कदाचित."

त्या मोजे बाजूला ठेवून बोटांवर मोजू लागल्या. "आजी. काळे कपडे घालायची. बाबा. आई. बाबांचा धाकटा भाऊ, तो पोती उचलायचा आणि मला खांद्यावर बसवायचा. मोठे दोन भाऊ. ताई, माझ्याहून चार वर्षांनी मोठी." थांबल्या. "आणि मी."

"तुम्हाला सोडून सात."

"सात."

"आणखी कुणी? नोकर? पाहुणा?"

"नाही हो. एवढीच. सात."

मी उठलो. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मला थाप मारता आली नाही. यादी त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं: सहावा रकाना, त्रेचाळीस ओळी, चाकाची खूण. आणि आठ. त्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"एक जास्त आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"आजोबा असतील. तुम्हाला आठवायच्या आधी गेले असतील."

"असतील. पण आजोबांचं आमच्या घरी कुणी बोलायचंच नाही. आजी रडेल म्हणून." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "मास्तर, 'असतील' हे पुस्तकात चालतं का?"

"नाही," मी म्हणालो. कारण चालत नाही.

पुस्तक छापायला जायला बारा दिवस उरले, तेव्हा संपादकीणबाईने सगळ्यांना शेवटचं वाचायला बोलावलं. त्याच टेबलावर. मी उभा राहिलो आणि आधी माझी चूक सांगितली. म्हणालो, मी चुकीच्या पुस्तकात चुकीच्या टोकाने पाहिलं होतं. मग नकाशाची प्रत मध्ये ठेवली आणि दहा माणसांची अट, वही, दाखला, सगळं पहिल्यापासून समजावलं. मामा कानामागे हात धरून ऐकत होते.

"म्हणजे हिचा दाखला आमच्या गावचा, पण ही आमच्या गावची नाही?"

"नसावी. पण एक माणूस जास्त येतोय. त्यामुळे मी खात्रीने सांगू शकत नाही."

"जास्त म्हणजे?"

"घरात आठ होते. आईंना सातच आठवतात. म्हातारा कुणी होता का, हे सांगायला आता कुणी उरलं नाही."

मामा नकाशावर वाकले. त्या खुणेपासून शहरापर्यंत एक बारीक रेघ जात होती, गाडीवाटेची. त्यांचं बोट त्या रेघेवरून सरकत शहरात आलं.

"ही वाट कुठून शिरते? हातपंपाच्या बाजूने?"

"उत्तरेकडून."

"म्हणजे पंपाच्याच बाजूने." त्यांनी त्या रेघेवर बोट टेकवलं. मग एकदम म्हणाले, "व्याहीबुवा!"

"कोण?" सगळ्यांनीच विचारलं.

"अगं, दर बुधवारी एक म्हातारा घोडागाडीतून पीठ घेऊन यायचा. पंपाच्या बाजूने यायचा, म्हणून रांगेतून मला आधी दिसायचा. मी पळत जाऊन गाडीत बसायचो. पाच वर्षांचा असेन. आपली आजी दारात उभी राहून हाक मारायची, 'या, व्याहीबुवा!' मला वाटायचं तेच त्याचं नाव. मीपण त्याला व्याहीबुवाच म्हणायचो, आणि तो पोट धरून हसायचा."

ही 'आपली आजी' म्हणजे मामा आणि सासूबाई दोघांची एकच, आईची आई. तिला दोनच मुली, मुलगा नव्हता. थोरल्या मुलीचा, म्हणजे मामांच्या आईचा, सासरा त्याच गावात राहणारा, त्याला तर मामा स्वतःच आजोबा म्हणत.

"मामा," बायको म्हणाली, "आजी ज्याला व्याही म्हणेल, तो तिच्या मुलीचाच सासरा ना?"

"आता कळतंय गं मला ते! तेव्हा कोण विचारतो? पीठ कुठून येतं हे पाच वर्षांच्या पोराला काय ठाऊक. पीठ दारातून येतं!" त्र्याण्णव वर्षांच्या त्या माणसाचा चेहरा लालबुंद झाला होता. "मग एका बुधवारी तो आलाच नाही. पुढे कुणीतरी दुसरा तरुण यायला लागला. तो गाडीत बसू द्यायचा नाही."

"खांदे रुंद होते त्याचे?" सासूबाईंनी विचारलं.

"बैलासारखे."

"काका," त्या म्हणाल्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

संपादकीणबाईने बोटांवर हिशोब केला. मामा पाच वर्षांचे, म्हणजे सासूबाई एक वर्षाच्या. मोजणी त्याच्याही तीन वर्षं आधीची. म्हातारा तेव्हा घरात होता.

"आठ," मी म्हणालो. माझा आवाज वर्गातल्यासारखा निघाला नाही.

मामांनी नकाशा जवळ ओढला. "ऐंशी वर्षं हिला वेडी म्हटलं," ते नातीला म्हणाले, "आणि त्या गिरणीचं पीठ मीच खात होतो. लिही. पाणचक्की. घर एक. माणसं आठ." मग थांबून म्हणाले, "नाही, नऊ लिही. ही तेव्हा पाळण्यात होती."

"मोजणीत आठच आहेत, आजोबा."

"मोजणी हिच्या आधीची. मी नंतरचं सांगतोय. माझं नाव घाल खाली, सांगणारा म्हणून."

सासूबाईंनी त्यांच्या बाहीला धरलं. "तो दिसायला कसा होता रे?"

"कोण?"

"कोण म्हणजे? माझा आजोबा."

"भुवया पांढऱ्याशुभ्र. मला वाटायचं म्हातारपणाने. एकदा वाटेत पावसाने झोडपला आणि दारात आला तो काळ्या भुवयांचा! मी ओरडत घरात पळालो, की व्याहीबुवांची गाडी कुणीतरी चोरून आणलीय!"

सासूबाई हसल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. बायकोने पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर त्यांनी खुर्ची मामांच्या जवळ सरकवली आणि नातवंडांना हाक मारली.

"इकडे या रे सगळे. आणि तू," त्या मामांना म्हणाल्या, "पहिल्यापासून सांग. सावकाश. काही गाळायचं नाही."